दोन पॉइंटच्या मधले पंचवीस सेकंद

तुमचा प्रश्न मी असा समजले: मुलगी अकरा वर्षांची, वर्षभरापासून टेनिस खेळते. तुम्ही रोज दीड तास कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून असता. स्वतः कधी रॅकेट धरलेली नाही, पण विम्बल्डन टीव्हीवर बघता आणि वाचनाची सवय आहे. तर ज्यात टेनिस येतं अशी पुस्तकं कुठून वाचायला घ्यावीत, खेळातलं फारसं कळत नसेल तर अडेल का, आणि टेनिसपटू आंद्रे आगासीचं आत्मचरित्र ‘ओपन’ मुलीला आत्ता द्यावं का?

मी पुण्यात सत्तावीस वर्षं टेनिस शिकवते. आमच्या कोर्टालगतच्या खोलीत जुनी नेट, चुन्याची पोती, केस गेलेले बॉल आणि एक पत्र्याची ट्रंक आहे. ट्रंकेत पुस्तकं. पावसाळ्यात लाल मातीचं कोर्ट आठवडेच्या आठवडे बंद राहतं. त्या दिवसांत वाचायची सवय लागली, ती राहिली. साहित्याची मी अभ्यासक नाही. पण टेनिसचं पान खरं की बेतलेलं, हे मला दोन परिच्छेदांत कळतं. तेवढ्याच अधिकारावर लिहिते.

आधी मधला प्रश्न निकालात काढू. खेळ कळत नसेल तर अडत नाही. पंधरा, तीस, चाळीस, ड्यूस एवढं तुम्हाला येतंच. एक सवय मात्र लावून घ्या: पुस्तकातली मॅच कोणत्या साली आणि कशावर खेळली जातेय ते आधी पाहा. सेट ६–६ झाला की निकाल लावणारा टायब्रेक अमेरिकन ओपनमध्ये १९७० साली आला. त्याआधीच्या मॅचमध्ये सेट ८–६ असा सुटलेला दिसला की ती छपाईची चूक नव्हे. रॅकेट लाकडाची, डोकं आजच्या मानाने लहान, म्हणजे मधोमध बसला नाही तर चेंडू कुठेही जायचा. आणि चेंडू पांढरा. पिवळा चेंडू नियमात १९७२ ला आला. विम्बल्डनने तर १९८६ पर्यंत वाट पाहायला लावली. संध्याकाळी सातला लाल मातीवर पांढरा, मळलेला चेंडू शोधून बघा, मग पुढे मी ज्या कादंबरीबद्दल लिहिणार आहे ती वेगळी वाचाल.

आता माझं खरं म्हणणं. मी एकदा क्लबच्या स्पर्धेत स्टॉपवॉच घेऊन बसले होते. चेंडू खेळात असेल तेवढाच वेळ मोजायचा, बाकी घड्याळ बंद. तासाभराच्या खेळात चौदा मिनिटं भरली. उरलेला वेळ माणूस चालत असतो, टॉवेलने तोंड पुसत असतो, तारा सरळ करत असतो, चेंडू जमिनीवर आपटत असतो. नियमाने दोन पॉइंटच्या मध्ये पंचवीस सेकंद मिळतात आणि बाजू बदलताना नव्वद. मॅच बहुतेक वेळा तिथेच हरली किंवा जिंकली जाते, हे कुठलाही कोच सांगेल. चांगला लेखकही नेमका तिथेच शिरतो. वाईट लेखक चेंडूच्या मागे धावत सुटतो: त्याने जोरदार फटका मारला, तिने परतवला, प्रेक्षकांनी श्वास रोखला. ते तर टीव्हीवर फुकट दिसतं. म्हणून टेनिसचं पुस्तक हाती आलं की मी एवढंच बघते, की चेंडू थांबल्यावर हा लेखक काय करतो.

या परीक्षेत पहिला नंबर जॉन मॅकफी यांच्या ‘लेव्हल्स ऑफ द गेम’चा. १९६९ चं पुस्तक, जेमतेम दीडशे पानांचं. विषय एकच मॅच: १९६८ च्या अमेरिकन ओपनची सेमीफायनल, फॉरेस्ट हिल्सच्या गवतावर, आर्थर ॲश विरुद्ध क्लार्क ग्रेबनर. निकाल सांगून टाकते, त्याने काही बिघडत नाही: ॲश ४–६, ८–६, ७–५, ६–२. दोघे एकाच वर्षी जन्मलेले, दोघे डेव्हिस कपमध्ये, म्हणजे देशादेशांमधल्या सांघिक स्पर्धेत, अमेरिकेच्याच संघात. एक रिचमंडचा कृष्णवर्णीय मुलगा, वडील सार्वजनिक मैदानाची देखभाल करणारे. दुसरा ओहायोतल्या डेंटिस्टचा एकुलता एक मुलगा. मॅकफी यांनी मॅचचं चित्रण मिळवलं, दोघांना ते दाखवलं आणि प्रत्येक पॉइंटला तुमच्या डोक्यात काय चाललं होतं ते विचारलं. पुस्तकाची सगळी वीण त्यातून आली आहे. ॲश सर्व्हिससाठी चेंडू वर टाकतो आणि तो खाली येईपर्यंत आपण त्याच्या घराण्याची कित्येक पिढ्यांची गोष्ट ऐकून परत आलेलो असतो. मग ग्रेबनरचं मत: ॲश असा बेधडक का मारतो, तर त्याची राजकीय मतंच तशी आहेत. ॲशचं मत: ग्रेबनर इतका आखीव का खेळतो, तर तो कॉन्झर्व्हेटिव्ह आहे. दोघेही एकमेकांच्या बॅकहँडवरून माणूस ओळखायला निघालेत, आणि दोघेही निम्मे बरोबर आहेत.

त्यातला एक तपशील मी नवीन मुलांना नेहमी सांगते. ॲशला लहानपणी घडवणारे डॉक्टर जॉन्सन आपल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शिकवायचे की रेषेबाहेर दोन इंचांपर्यंत पडलेला प्रतिस्पर्ध्याचा चेंडू ‘इन’ धरायचा. वाद नको. गोऱ्यांच्या स्पर्धेत तुमच्याकडून एक वाद झाला की पुढच्या वर्षी दार बंद. मुलं आधी हसतात. मग एखादी विचारते, “म्हणजे त्यांचं कोर्ट मोठं होतं?” हो, समोरच्याला मारायला दोन-दोन इंच जास्त. मॅकफी हे ओरडून सांगत नाहीत, बाकीच्या शंभर तपशिलांत ठेवून पुढे जातात. (ॲशने ती स्पर्धा जिंकली, पण तो तेव्हा लष्करात लेफ्टनंट आणि हौशी खेळाडू. विजेत्याचे १४,००० डॉलर फायनलमध्ये हरलेल्या टॉम ओकरला मिळाले, ॲशला रोजचा वीस डॉलर भत्ता.)

तुम्ही पहिलं पुस्तक हेच घ्या. दोन रविवारांत संपेल.

दुसरं ट्रंकेतलं माझं सगळ्यात लाडकं, आणि गंमत म्हणजे यात धड एकही मॅच पूर्ण होत नाही. जॉर्जो बस्सानी यांची ‘द गार्डन ऑफ द फिंझी-कॉन्टिनीज’, मूळ इटालियन, १९६२. उत्तर इटलीतलं फेरारा गाव, साल १९३८. मुसोलिनीच्या सरकारने वंशविषयक कायदे आणले आणि ज्यू माणसांना शाळा, नोकऱ्या, क्लब एकेक करून बंद होऊ लागले. गावातल्या टेनिस क्लबनेही ज्यू सभासदांना काढलं. तेव्हा फिंझी-कॉन्टिनी नावाचं श्रीमंत, गावात कुणात फारसं न मिसळणारं ज्यू कुटुंब आपल्या उंच भिंतीआडच्या बागेतलं खासगी कोर्ट या मुलांना उघडं करतं. निवेदक तिथे पहिल्यांदा जातो आणि त्या घरातल्या मिकोल नावाच्या मुलीच्या प्रेमात पडतो. पुढे पुस्तकभर तो तिथे ये-जा करत राहतो. फार काही घडत नाही.

पण बघा, बस्सानी काय करतात. क्लबमध्ये मिक्स्ड डबल्सची एक मॅच चालू असते. त्यातल्या एका जोडीतला मुलगा ज्यू आणि ती जोडी चांगली खेळतेय. पंच असलेले क्लबचे पदाधिकारी खेळ थांबवतात. कारण? अंधार पडतोय. प्रत्यक्षात उजेड पुरेसा असतो. आणि नंतर त्या बागेतल्या कोर्टावर हीच हाकललेली मुलं शरदातल्या संध्याकाळी खरोखरच चेंडू दिसेनासा होईपर्यंत खेळतात, कारण असे दिवस किती उरलेत हे त्यांना ठाऊक नसतं. एकीकडे अंधार ही सबब, दुसरीकडे तो खरा, आणि त्याची पर्वा कुणी करत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन्ही जागा जोडल्याच नव्हत्या. बस्सानी बोट ठेवून दाखवत नाहीत. दुसऱ्या वाचनात, कोर्टावर पाणी मारून झाल्यावर बाकावर बसून वाचत होते, तेव्हा एकदम लक्षात आलं आणि पुस्तक मिटून ठेवावं लागलं.

आणखी एक. त्या खासगी कोर्टाची अवस्था बेतासबात आहे. रेषांच्या मागे पुरेशी जागा नाही, माती ओबडधोबड. घरची मुलं पाहुण्यांची माफी मागतात, पुढे दुरुस्त करून घेऊ म्हणतात. मातीचं कोर्ट ज्याने सांभाळलंय त्याला या वाक्याचं वजन कळेल. मातीचं कोर्ट पुढच्या हंगामावर भरवसा ठेवून राखलं जातं: खडे वेचा, नवी माती घाला, रोलर फिरवा, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी उसळी सारखी मिळते. आणि वाचकाला तर पहिल्या काही पानांतच सांगून टाकलेलं असतं की या घराला पुढचे हंगाम फारसे नाहीत. घरचा मुलगा आल्बेर्तो १९४२ मध्ये आजाराने जातो आणि कुटुंबाच्या थडग्यात त्याला तरी जागा मिळते. मिकोल, तिचे आईवडील आणि आजी यांना १९४३ च्या शरदात जर्मनीला नेलं जातं. शेवट आधी सांगून मग टेनिस खेळायला बसवणारं हे पुस्तक आहे. व्हित्तोरिओ दे सिका यांनी १९७० मध्ये त्यावर सिनेमा केला, ऑस्करही मिळालं. सिनेमात सगळे पांढऱ्या कपड्यांत फार सुंदर दिसतात. आधी पुस्तक वाचा.

कोर्टावर कुणाला येऊ द्यायचं हा प्रश्न आपल्याला काही इटलीतून आयात करावा लागत नाही. ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९२४ च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’त साहेबलोकांच्या क्लबात हिंदी लोकांसाठी एक पार्टी होते. बोलावलेले हिंदी पाहुणे वेळेआधीच आलेले, आणि टेनिसच्या हिरवळीच्या पलीकडच्या कडेला घोळका करून नुसते उभे. मध्ये रिकामं लॉन. कुणी खेळत नाही. टेनिसचं एवढंच काम त्या प्रसंगात आहे आणि ते पुरेसं आहे. पुण्या-मुंबईतल्या जुन्या जिमखान्यांचे इतिहास चाळलेत तर ते रिकामं लॉन तुम्हाला ओळखीचं वाटेल.

याच फॉर्स्टरनी त्याआधी, १९०८ मध्ये, ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ लिहिली. तिथे टेनिसमुळे एक ठरलेलं लग्न मोडतं. नायिका लूसीचा भाऊ तिच्या नियोजित वराला, सेसिलला, म्हणतो की डबल्सला चौथा माणूस कमी आहे, ये. सेसिल पुस्तकात डोकं घालून बसलेला. तो नकार देतो, वर असंही सुनावतो की काही माणसं फक्त पुस्तकांपुरतीच असतात. लूसीला त्या क्षणी तो माणूस लख्ख दिसतो आणि त्याच संध्याकाळी ती लग्न मोडते. मी हे वाचून खूप हसले, कारण क्लबात चौथा माणूस न मिळणं ही काय चीज आहे ते मला माहीत आहे. चौथा म्हणून उभं राहायला खेळ चांगला असावा लागत नाही, तयारी असावी लागते. सेसिलला बॅकहँड येत नव्हता म्हणून तो नापास झाला नाही.

तोलस्तोय यांच्याकडे मात्र उलटं आहे, तिथे खेळणारेच संशयित. ‘ॲना कारेनिना’ १८७५ ते १८७७ अशी क्रमशः छापून येत होती, आणि मेजर विंगफील्डने इंग्लंडमध्ये लॉन टेनिसचं पेटंट घेतलं ते १८७४ मध्ये. म्हणजे खेळ जन्मून दोन-तीन वर्षं होतात न होतात तोवर तो रशियन कादंबरीत पोचलाही. सहाव्या भागात डॉली ही गृहिणी ॲना आणि तिचा प्रियकर व्रॉन्स्की यांच्या इस्टेटीवर पाहुणी जाते. तिथे सगळं परदेशी आणि महाग. टेनिसचं नेटसुद्धा सोनेरी मुलामा दिलेल्या खांबांना बांधलेलं. डॉली खेळून बघते. तिला बराच वेळ काही कळत नाही, कळू लागतं तेव्हा दम लागलेला असतो, मग ती बाजूला बसून नुसती बघत राहते. मुलं जवळ नसताना मोठी माणसं मुलांचा खेळ खेळताहेत हे तिला काहीतरी खोटं, नाटकी वाटतं. दुसऱ्याच दिवशी निघायचं तिचं मन होतं. कादंबरीभर ॲनाबद्दल बरेच लोक निकाल देतात, पण त्या घरात सुख नाही हे डॉलीला कळतं ते बाकावर बसून. बाकावर बसणाऱ्याला कमी लेखू नका, हे तुमच्यासाठी.

आपल्याकडे टेनिस आणि कादंबरी म्हटलं की जुन्या पिढीला ना. सी. फडके आठवतात. आमच्या घरी वडील एखाद्या देखण्या, बिनकामाच्या तरुणाला बघून “फडक्यांचा नायक दिसतोय, रॅकेट कुठे ठेवली?” असं म्हणायचे. त्या थट्टेत रॅकेट म्हणजे इस्त्रीची पॅन्ट आणि मोटार यांच्याच पंगतीतली वस्तू. ललित मराठीत टेनिस खेळाच्या अंगाने आलेलं माझ्या ट्रंकेत जवळजवळ काही नाही, आणि याची मला खंत आहे.

आता आत्मचरित्रं. इथे ढीग मोठा आणि निवड कठीण. डेव्हिड फॉस्टर वॉलेस या अमेरिकन लेखकाने, जो स्वतः इलिनॉयमध्ये ज्युनिअर म्हणून बऱ्यापैकी खेळलेला होता, ट्रेसी ऑस्टिनच्या आत्मचरित्रावर एक लेख लिहिला आहे. ऑस्टिन सोळाव्या वर्षी, १९७९ मध्ये, अमेरिकन ओपन जिंकली. वॉलेस तिच्याच वयाचा आणि तिचा भक्त. पुस्तक उघडतो तर सगळी घासून गुळगुळीत झालेली वाक्यं. निर्णायक क्षणी तुझ्या मनात काय होतं, याचं उत्तरच नाही. चिडून चिडून शेवटी तो एका अवघड शक्यतेपाशी येतो: कदाचित तिच्या मनात त्या क्षणी खरंच काही नसेल, आणि तेच तिचं देणं असेल. जो तिथे कोरा राहू शकतो तो जिंकतो. मग त्याच्याकडून पुस्तकाची अपेक्षा कशी करायची? मी शिकवलेल्या सगळ्यात गुणी मुलीला मॅचनंतर “त्या ब्रेक पॉइंटला काय ठरवलं होतंस?” असं विचारलं की ती “मारला” एवढंच म्हणायची. तेव्हा खेळाडूंची आत्मचरित्रं कंटाळवाणी निघाली तर त्यांच्यावर रागावू नका.

‘ओपन’ त्या ढिगात वेगळं का, तर आगासी ट्रेसी ऑस्टिनसारखा कोरा कधीच नव्हता, आणि शब्द बसवायला त्याने जे. आर. मोरिंगर हा पट्टीचा लेखक शोधला. २००६ ची अमेरिकन ओपन, म्हणजे आपली शेवटची स्पर्धा, खेळत असताना तो मोरिंगरच्या आठवणींचं पुस्तक वाचत होता. पुढे २००९ मध्ये ‘ओपन’ आलं तेव्हा मोरिंगरने मुखपृष्ठावर आपलं नाव घालू दिलं नाही. सुरुवातीचं प्रकरण वाचा: पाठ इतकी गेलेली की माणूस हॉटेलच्या खोलीत जमिनीवर झोपलेला. मग बगदातिसविरुद्धची ती लांबलेली मॅच, आणि मॅचनंतर दोघे शेजारशेजारच्या टेबलांवर अंग आखडून पडलेले असताना नुसता पुढे आलेला हात. तेवढ्या एका हातासाठी मी या पुस्तकाला पैकीच्या पैकी देते. १९९० च्या फ्रेंच ओपन फायनलला केसांचा टोप निसटू नये म्हणून त्याने केलेली प्रार्थना लोक विनोद म्हणून सांगतात. मला ती भीतिदायक वाटते. पंचवीस सेकंदांत तो माणूस पुढच्या सर्व्हिसचा नाही, टोपाचा विचार करत होता.

मुलीला द्यावं का? नाही. अजून चार-पाच वर्षं तरी नाही. त्यात अमली पदार्थ आहेत हे एक कारण, पण मोठं कारण वेगळं. मी एकदा तेरा वर्षांच्या एका मुलाला ते दिलं होतं. हुशार मुलगा, वाचणारा. त्यात लहान आगासीसमोर वडिलांनी बसवलेलं चेंडू फेकणारं यंत्र आहे, मुलगा त्याला ड्रॅगन म्हणतो. वडिलांचा हिशेब असा, की रोज अडीच हजार चेंडू मारले तर वर्षाला जवळजवळ दहा लाख होतात, आणि इतके चेंडू मारलेल्या मुलाला कोण हरवणार? आमच्या मुलाने ते प्रकरण वाचलं आणि रात्री जेवताना वडिलांना म्हणाला, “बाबा, तुमच्याबद्दल लिहिलंय.” दुसऱ्या दिवशी वडील माझ्यासमोर पुस्तक आपटून गेले. मुलगा दोन महिने आला नाही. नंतर आला तो डबल्स खेळायला, सिंगल्स नको म्हणाला. चूक माझी होती. ते पुस्तक आधी वडिलांना द्यायला हवं होतं. म्हणून तुम्हाला सांगते, तुम्ही वाचा, मुलीला नको.

तिला काय? इंग्रजी वाचत असेल तर सानिया मिर्झाचं ‘एस अगेन्स्ट ऑड्स’ चालेल, २०१६ चं. लेखन सरळसोट आहे, वॉलेसला आवडलं नसतं. पण मनगट दुखावल्यावर आणि सिंगल्स सोडून डबल्सकडे वळावं लागल्यावर काय करायचं, आणि तिथून २०१५ मध्ये डबल्सची जागतिक क्रमवारीतली पहिली जागा कशी गाठायची, हे एका हैदराबादच्या मुलीकडून कळणं आपल्या मुलींना लागू पडतं. तुमच्यासाठी त्याच्या जोडीला रामनाथन आणि रमेश कृष्णन या बापलेकांचं ‘अ टच ऑफ टेनिस’ (१९९९). ताकदीवर नव्हे, हलक्या हातावर खेळणारं घराणं. रामनाथन १९६० आणि १९६१ मध्ये विम्बल्डनच्या सेमीफायनलला पोचले होते. बाप मुलाला शिकवतोय आणि तरी दोघे बोलताहेत, हे बघायला म्हणून वाचा. ‘ओपन’वरचा उतारा आहे.

जरा खोल जायचं असेल तर दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचा: आर्थर ॲशचं ‘डेज ऑफ ग्रेस’ आणि विजय अमृतराजचं १९९० चं आत्मचरित्र. दुवा दक्षिण आफ्रिकेचा. ॲशला तिथल्या वर्णद्वेषी सरकारने व्हिसा नाकारला होता. १९७३ मध्ये तो मिळाल्यावर ॲश जोहान्सबर्गला जाऊन खेळला, आत शिरूनच काही हलवता येईल या विचाराने. पुढे त्याचं मत बदललं आणि तो बहिष्काराच्या बाजूने उभा राहिला. आपला संघ १९७४ मध्ये डेव्हिस कपच्या फायनलला पोचला, समोर दक्षिण आफ्रिका, आणि भारताने खेळायचंच नाही असं ठरवलं. कप न खेळता त्यांना गेला. विजय अमृतराज तेव्हा विशीतला. ज्या मॅचमध्ये एकही पॉइंट खेळला गेला नाही ती आपल्या टेनिसमधली सगळ्यात मोठी मॅच, असं मी मुलांना सांगते, आणि त्यांना ते अजिबात पटत नाही. ‘डेज ऑफ ग्रेस’ १९९३ मध्ये, ॲश गेल्यानंतर आलं. हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या रक्तातून त्याला एचआयव्हीची लागण झाली होती. शेवटचं प्रकरण लहानग्या मुलीला लिहिलेलं पत्र आहे. ते बाकावर बसून वाचू नका, घरी वाचा.

वॉलेसची कादंबरी ‘इन्फिनिट जेस्ट’ (१९९६) तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. शेवटी दिलेल्या टीपांसह हजारावर पानं. टेनिस अकादमीतले भाग अस्सल आहेत: सरावानंतर लॉकर रूममध्ये जमिनीवर पसरलेली, कोण किती दमलंय याच्यासाठी नवीन शब्द शोधणारी पोरं मी रोज बघते. पण मी ती पूर्ण करू शकले तिसऱ्या प्रयत्नात, आणि मधली काही पानं चक्क उलटून. त्यापेक्षा त्याचे टेनिसवरचे लेख घ्या, ‘स्ट्रिंग थिअरी’ नावाने २०१६ मध्ये एकत्र आले आहेत. फेडररवरचा लेख सगळ्यांना माहीत असतो. मला त्याहून इलिनॉयच्या वाऱ्यावरचा आवडतो. हा मुलगा ताकदीने कमी, पण वारा कुठून कुठे वाहतो आणि कोर्टाला भेग कुठे आहे हे त्याला पाठ. त्याच्यापेक्षा चांगले खेळाडू वाऱ्यावर चिडायचे, हा वाऱ्याला जोडीदार करायचा. मग मोठं झाल्यावर चांगली कोर्ट मिळाली आणि त्याचा खेळ संपला. आमच्या खडबडीत कोर्टावर राजा असलेली आणि बालेवाडीच्या गुळगुळीत कोर्टावर पहिल्याच फेरीत गळणारी मुलं मी इतकी पाहिली आहेत की तो लेख मला ओळीओळीने पटला.

एक पुस्तक कचरत सांगते, कारण विषय भयंकर आहे: नाबोकोव्ह यांची ‘लोलिता’ (१९५५). एका लहान मुलीचा छळ करणाऱ्या माणसाने स्वतःच सांगितलेली, स्वतःची वकिली करणारी गोष्ट. नाबोकोव्ह तरुणपणी बर्लिनमध्ये टेनिसच्या शिकवण्या घेत, आणि ते दिसतं. मुलीच्या खेळाचं वर्णन तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे: घडीव सर्व्हिस, लय, स्वच्छ फटके. फक्त जिंकायची इच्छा नाही. आणि तो माणूस, जो पुस्तकभर खोटं बोलतो, तिथे कबूल करतो की ती इच्छा त्यानेच मोडली. कोच म्हणून सांगते, असा खेळ दिसला की मी पाय आणि पकड सुधारत बसत नाही, घरी काय चाललंय ते विचारते. ते पान मी दुसऱ्यांदा वाचलेलं नाही.

हलकंफुलकं हवं तर अगाथा ख्रिस्तीचं ‘कॅट अमंग द पिजन्स’ (१९५९). मुलींची शाळा, खून आणि एक रॅकेट. ज्याने कधी रॅकेट हातात घेऊन तोल बघितला असेल त्याला रहस्य थोडं आधी सुटेल, याहून जास्त बोलत नाही. ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ टेनिससाठी घेऊ नका. हिचकॉकच्या सिनेमातला नायक टेनिसपटू आहे, पॅट्रिशिया हायस्मिथच्या मूळ कादंबरीत तो आर्किटेक्ट आहे. मी फसले होते. शिकण्याच्या पुस्तकांत टिमथी गॅलवे यांचं ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ (१९७४) हे एकच ट्रंकेत आहे. आतला एक बडबड्या सारखा सूचना देतो, दुसरा मुकाट्याने खेळू शकतो, पहिल्याला गप्प करा, हे त्याचं सार. अर्ध्या पुस्तकात कळतं, उरलेलं त्याच त्याच गोष्टी सांगतं.

तर मॅकफी, मग बस्सानी, मग ‘ओपन’. कादंबरी की आत्मचरित्र या वादात पडू नका, हाती येईल तसं वाचा. आणि वाचायचं कुठे, तर मुलीच्या मॅचच्या वेळी त्याच बाकावर. मी तिला शिकवत नाही, पण तिच्या वयाची मुलं पॉइंट गेला की काय करतात ते मला माहीत आहे: आधी बाकाकडे बघतात. बाबांचा चेहरा पडला का, हात कपाळावर गेला का. तुम्ही पानात डोकं घालून बसलेले दिसलात तर ती दोन-तीन वेळा बघेल, मग बघायचं सोडून रॅकेटच्या तारा सरळ करायला लागेल.